कमळाकरच्या दुसऱ्या कॅसेटीवर लोक काय बोलले

कमळाकर,

परवा कर्जत स्टेशनाबाहेर एक टेंपो उभा होता आणि त्यात तुझी दुसरी कॅसेट वाजत होती. ड्रायव्हर बोटांनी स्टिअरिंगवर ताल धरून बसला होता. मी विचारलं, "हे कुणाचं रे?" म्हणाला, "काय म्हाईत. पन कडक हाय." तुझं नाव त्याला ठाऊक नव्हतं आणि साजगावशी त्याला काही घेणं नव्हतं. मधे तो भोंगा आला तेव्हा त्याने आवाज आणखी वाढवला. मी तिथे थांबले नाही.

तू वापीला गेलास त्याला आता वर्षं झाली. तोंडावर लोक जे बोलले ते तू ऐकलंस. पाठीमागे जे बोलले ते मला नंतर कळलं, काही भिवाजीच्या टपरीवर आणि काही ठकीच्या माहेरच्या ओट्यावर. तुझ्या तोंडून अर्धंमुर्धं कळलं होतंच. तू सगळ्यांना एकच प्रश्न विचारत सुटला होतास, नवीन कॅसेट कशी वाटली. उत्तर लोकांनी दिलं होतं. तुला ते नको होतं, एवढंच.

'तू' म्हणत लिहीत गेले तर पानोपानी तुला रागावत बसेन, आणि माझं वय आता रागवायचं राहिलेलं नाही. म्हणून कमळाकर नावाचा कुणी एक होता असं धरते. वाच.

साजगावात लोखंडी सळया काढणारा एक कारखाना. कमळाकर तिथे वायरमन. आई लहानपणीच गेलेली, बाप असून नसल्यासारखा. तो वाढला समोरच्या येसूबाईच्या चुलीपाशी. येसूबाईचा पांडू आणि कमळाकर एका ताटात जेवले, एकाच वर्षी कारखान्यात लागले आणि दोघांनी मिळून ललकार बेंजो पार्टी काढली. बेंजो म्हणजे टाइपरायटरसारख्या बटणांचं तारवाद्य. कमळाकरने त्याला वीज जोडून असा काही आवाज काढला होता, की कर्ण्यातून पहिला सूर सुटला की लोधिवलीची पोरं सायकली काढायची. पांडू ढोलावर. हातगाडीवर बॅटरी, कर्णे नि बेंजो, गाडीपुढे पांडू, आणि पांडूच्याही पुढे येसूबाई. हळद असो, बारसं असो, जयंतीची मिरवणूक असो, नाचायला पहिली उतरायची ती येसूबाई. ती उतरली की मग बाकीच्या बाया पदर खोचत. एखाद्या गाण्याला ती खाली बसली तर कमळाकर ते गाणं पुन्हा म्हणून वाजवत नसे. तिकडचा रिवाजच आहे तो. बेंजोवाल्याला कुणी "वाईट वाजवलंस" म्हणत नाही. गाडीसमोर रस्त्यातच खाली बसतात. बेंजोवाल्याला त्याहून मोठी शिवी नाही.

पहिली कॅसेट पार्टीने खोपोलीच्या एका हॉलात एकाच माइकसमोर भरली. तीत एका गाण्यात कुत्रं भुंकतं. एकात पांडू मधेच "हां, उचल!" म्हणून ओरडतो. तिसऱ्याच्या शेवटी येसूबाई तोंडभर हसते. लोकांनी ही कॅसेट डोक्यावर घेतली. येसूबाईचं हसणं ऐकायला लोक टेप मागे फिरवत. एका लग्नात तर नवरदेव ते हसणं पुन्हा लागेपर्यंत घोड्यावरून उतरेना.

कमळाकरला मात्र दर वेळी ते कुत्रंच ऐकू यायचं. कुत्रं, आणि पांडूचा ढोल. ढोल पुढे पळतो, हे त्याला पहिल्यांदा टेपवर कळलं. रस्त्यावर कधी कळलं नव्हतं. गाणं रंगात आलं की पांडूचे हात सुटायचे आणि बेंजोला मागून फरफटत जावं लागायचं. हे ऐकून कमळाकरला लाज वाटायची. सगळं साजगाव ज्या गाण्यावर नाचत होतं ते ऐकून हा एकटा कानकोंडा होऊन बसायचा.

त्याने ठरवलं, तीच गाणी पुन्हा करायची, पण स्वच्छ. एका भाच्याकडून छोटा कॅसिओ आणला, दोन टेपरेकॉर्डर जमवले. ढोलाच्या जागी काय घालायचं? त्याच्या डोक्यात कारखाना आला. सळया तोडायची कात्री दिवसभर एका लयीत पडते. ती ना दमते ना रंगात येते. टेपरेकॉर्डर पिशवीत घालून तो कामावर नेऊ लागला. कात्रीची ठण-ठण, सळया लाटणाऱ्या रुळांची घरघर, भट्टीच्या पंख्याची घूं-घूं, सगळं भरून आणलं. घरी कॅसेट उघडायची, टेपचा हवा तेवढा तुकडा ब्लेडने कापायचा, टोकं चिकटवून त्याचं कडं करायचं, आणि ते कडं पेन्सिलीभोवती फिरत ठेवायचं. पेन्सील फिरते तोवर कात्री पडते. हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. हुशार होता, त्यात वादच नाही. हुशारीनेच घात केला असं म्हणायची पद्धत आहे. मी म्हणणार नाही. घात केला तो त्याच्या हावरेपणाने. त्याला लोकांचं नाचणंही हवं होतं आणि लोकांनी चुकू नये हेही हवं होतं.

एके दिवशी तो असाच कात्रीचा आवाज भरत असताना लोधिवलीच्या नामाचा हात रुळात गेला. कमळाकर पॅनेलच्या खोलीत होता. अशा वेळी काय करायचं ते त्याचंच काम. त्याने मेन स्विच पाडला आणि भोंग्याचं बटण तीनदा दाबलं.

हा भोंगा म्हणजे काय ते सांगायला हवं. लांब एक भोंगा, तो पाळी सुटल्याचा. त्याकडे कुणाचं लक्षही नसतं. तीन तुटक भोंगे म्हणजे आत कुणाला तरी लागलं. ते झाले की साजगावातल्या बाया हातातलं टाकून, पायात काही न घालता कारखान्याच्या गेटावर जातात. गावात कुठे वाद्य वाजत असेल तर त्या क्षणी थांबतं. ढोल असेल तर तोंड जमिनीकडे करून पालथा ठेवतात. गेटातून नाव बाहेर येईपर्यंत तो उचलायचा नाही. कमळाकरला हे माहीत नव्हतं असं नाही. पण भोंगा वाजायचा तेव्हा तो आत असायचा, बटणावर. गेटाशी उभ्या असलेल्या बाया त्याने कितीदा पाहिल्या होत्या. घरातून निघालेल्या एकदाही पाहिल्या नव्हत्या.

नामाची तीन बोटं गेली. कमळाकर त्याला दवाखान्यात भेटून आला, मोसंबी घेऊन. घरी येऊन टेप लावला तर कात्री थांबल्यानंतर तो भोंगा. टेप चालूच राहिला होता. इतका भरदार, इतका सरळ सूर त्याच्या यंत्रावर आधी कधी उतरला नव्हता. त्याने बेंजो लावून पाहिला. भोंगा तिसऱ्या गाण्याच्या सुराशी नेमका जुळत होता. जिथे येसूबाई हसायची, तिथे त्याने तो बसवला.

कॅसेट झाली. पांडूला त्याने स्वतः ऐकवली. पांडूने पहिलं गाणं पूर्ण ऐकलं. मग म्हणाला,

"माजा ढोल कुटं हाय रं?"

"काडला."

"का?"

"तू पळतोस पांड्या. कदी ऐक एकदा नीट."

"लोकं पळतात म्हनून मी पळतो," पांडू म्हणाला. "तू गाडीच्या मागं असतोस. तुला काय दिसतंय?"

तो उठून गेला. त्यानंतर पार्टी मोडली असं कुणी जाहीर केलं नाही, पण सुपारी आली की पांडूला ताप यायचा.

कमळाकरने कॅसेट भिवाजीच्या टपरीवर नेऊन दिली. ही टपरी खोपोलीच्या वाटेवर, पाळी सुटली की सगळे तिथेच. भिवाजी शेतकऱ्याच्या घरचा, तोंडाचा फटकळ. त्याने कॅसेट लावली आणि कमळाकर बाकड्याच्या टोकाला बसला, आपण इथे सहज आलोय असा चेहरा करून.

कात्री पडायला लागली. ठण. ठण. ठण.

"अरं, कुनी मशीन चालू ठेवलं का काय?" एकाने विचारलं.

"गानं हाय ते. कमळ्याचं नवीन."

"आठ तास ह्येच ऐकूनशान आलो, आन आता चाला बी ह्येच? ओव्हरटाइम लावा मग!"

टपरी हसली. दुसरा म्हणाला, "आरं थांब, येईल गानं."

"कदी?"

"दुसऱ्या बाजूला आसंल."

"बघितली दुसरी बाजू. तिकडं पंखा हाय."

भट्टीवरचा एक म्हातारा कामगार मात्र कान देऊन ऐकत होता. त्याचा चेहरा उजळला. "ही माजी भट्टी!" तो म्हणाला. "तीन नंबरची. पंख्याचं पातं वाकडं हाय तिचं, बगा, कशी घुमतीय."

"मग काका, तुमी नाचा तिच्यासंगं. काकू घरी वाट बगत नायच."

भिवाजीने कपबशा विसळता विसळता निकाल दिला. "पैल्या कॅसेटीला गिऱ्हाईक चा संपला तरी बसून ऱ्हायचं. ही लावली तर चा टाकून उठंल." आणि दुसरं गाणं सुरू होताहोताच त्याने बटण दाबून कॅसेट बाहेर काढली. कमळाकरच्या हातात देताना म्हणाला, "रागावू नको गड्या. पन तुजा ढोलवाला मेला का काय, असं वाटतंय."

तिसऱ्या गाण्यापर्यंत साजगावात कुणी पोचलंच नाही. पोचले असते तर तिथेच कुणीतरी कानफटात मारली असती आणि गोष्ट मिटली असती.

तिसऱ्या गाण्यापर्यंत पोचली ती कर्जतची पोरं. भिसेगावात माझ्या घरामागे राहणारी चारदोन कॉलेजातली टाळकी. त्यांनी कुठून तरी मिळवलेली ती कॅसेट झिजेपर्यंत वाजवली. मला दुपारची झोप मिळेना. कमळाकर माझा रेडिओ दुरुस्त करायला आला तर त्यांनी त्याला घेरलं. "तिसरं गाणं म्हणजे बाप आहे!" "तो सायरन कसला टाकलाय!" "पहिली कॅसेट काय, गावठी. ही म्हणजे एकदम फॉरेन!" त्यांतल्या एकाच्याही हाताला कधी घट्टा पडलेला नव्हता. कमळाकर लाजला, फुगला. रेडिओ तसाच उघडा टाकून तास गेला. मी म्हटलं, "त्या पोरांना काय कळतं?" तर म्हणाला, "बाई, कळत नाय त्यांनाच ऐकू येतं. आमचे लोक गानं ऐकतच नाय, मानूस ऐकतात." वाक्य छान होतं. छान वाक्यांचा मला तेव्हापासून तिटकारा आहे.

आता त्याला एकच माणूस राहिलं होतं: येसूबाई. तिच्या घरात टेप नव्हता आणि पांडू असताना त्या घरात कॅसेट घेऊन जायची सोय नव्हती. ती नाचली तर साजगाव नाचेल, आणि ती नाचेल अशी त्याची खात्री होती.

शेजारच्या ठकीची हळद निघाली. दुपारची वेळ. पांडूची दुसरी पाळी, म्हणजे तो कामावर. कर्णे कमळाकरचेच होते. मांडवात बाया जमल्या, जात्यावर हळद दळून झाली, ठकी पाटावर बसली. कमळाकरने पहिली कॅसेट लावली. येसूबाई उतरली. पोरी उतरल्या. दोन गाणी झाली तशी त्याने हळूच कॅसेट बदलली, तिसरं गाणं काढून ठेवलेलं होतं.

कात्री पडायला लागली. येसूबाई एक क्षण थबकली. त्याच्याकडे बघून म्हणाली, "काय रं कमळ्या, नवीन काडलं का?"

"नाच ना काकी!"

तिने पाऊल टाकून पाहिलं. एक टाकलं, दोन टाकली. कात्रीवर टाच बसली. ती हसली, कमरेवर हात ठेवला आणि फिरली. मागून पोरी फिरल्या. ठकी पाटावर बसल्या जागी खांदे उडवत होती. कमळाकरच्या छातीत काय झालं असेल ते मी सांगत नाही; त्याने मला ते पुन्हा पुन्हा सांगितलं आहे, त्याच त्या शब्दांत. नाचत व्हती, बाई. ती नाचत व्हती.

मग भोंगा वाजला. तीन तुटक. चार कर्ण्यांतून, मांडवाच्या मध्यावर.

पाय थांबले. पाटापाशी कुणाच्या तरी हातातून वाटी पडली. कमळाकरला वाटलं, थक्क झाल्या. त्याला खरंच तसं वाटलं. त्याने आवाज किंचित वाढवला सुद्धा. तोवर मांडव रिकामा झाला होता. कुणी ओरडलं नाही की कुणी कुणाला हाक मारली नाही. चपला जागच्या जागी राहिल्या. ठकीचा बाप त्याच कारखान्यात, त्याच पाळीला; ती हळदीच्या अंगाने मांडवाबाहेर पडली. हळद लागलेल्या मुलीने उंबरा ओलांडायचा नसतो, तिची आजी मागून ओरडत राहिली. मांडवात बेंजो वाजत होता, कात्री पडत होती, आणि मधे कमळाकर उभा. जाताना येसूबाईने त्याच्याकडे पाहिलंही नव्हतं. तिच्या दृष्टीने त्या आवाजाशी त्याचा संबंधच नव्हता. आवाज कारखान्याचा होता, आणि कारखान्यात पांडू होता.

गेटाकडे जायची जवळची वाट खंगराच्या ढिगावरून आहे. भट्टीतून निघालेला काळा खंगर, काचेसारखा. बाया एरवी ती वाट घेत नाहीत. येसूबाईने घेतली. साठीची बाई, पोरींच्या पुढे होती. ढीग उतरताना पाय गेला आणि ती खाली आली ती कुशीवर. ठकीने मला सांगितलं, हाड मोडल्याचा आवाज तिला ऐकू आला. येसूबाई पडल्या पडल्या हाताने गेट दाखवत होती. "माझ्यापाशी नको थांबू. नाव इचार. कुनाचं नाव हाय ते इचार."

गेटावर नामा होता. बोटं गेल्यावर कंपनीने त्याला तिथे बसवलं होतं. एवढ्या बाया आणि मधे हळदीची नवरी बघून तो उठून उभा राहिला.

"काय झालं गं?"

"तू सांग काय झालं. भोंगा झाला ना!"

"आत काय बी नाय. मशीन चालू हाय, ऐका की."

बायांनी ऐकलं. कात्री पडत होती. आणि मागे, गावाच्या बाजूने, कर्ण्यातूनही कात्री पडत होती, जराशी मागे. तिथे उभ्या उभ्या एकेकीला उमगलं.

पांडूला बाहेर बोलावलं. आई खंगरावर पडलेली, पाय उलटा. तो धडधाकट आहे हे बघून ती रडायला लागली. मग कमळाकर धावत आला. मारामारी होईल असं सगळ्यांना वाटलं. पांडूने फक्त त्याच्याकडे बघितलं. आणि कमळाकर काय बोलला? एवढ्या माणसांत, त्या म्हातारीसमोर, तो म्हणाला,

"पन आदी नाचत व्हती रं. इचार कुनालापन."

हे वाक्य साजगाव विसरलं नाही.

येसूबाईला दवाखान्यात नेलं, वजनं बांधून ठेवलं, परत आणलं. खुबा सांधला नाही. ठकीचं लग्न लागलं, पण सासरी तिला पुढे जे जे दुखलंखुपलं ते हळदीत बाहेर पडल्याच्या खाती गेलं. आणि भिवाजीच्या टपरीवर दुसऱ्या कॅसेटीवर नव्याने चर्चा सुरू झाली. आता सगळ्यांना ती ऐकायची होती. भिवाजीने ती पुन्हा मिळवली; तो तिसरं गाणं लावायचा आणि गिऱ्हाईकं तीन भोंग्यांची वाट बघत चहा प्यायची.

"आला! आला!"

"म्हातारी पडली ती ह्याच्यावर?"

"पैल्यावर नाय रं, तिसऱ्यावर."

एकदा नामा तिथे बसला होता. त्याने कॅसेट शेवटपर्यंत ऐकली. मग हा भोंगा आपला हात गेला त्याच दिवशीचा, हा हिशेब त्याच्या डोक्यात बसला असावा. तो म्हणाला, "ह्याच्यात माजी बोटं वाजतायत." मग कोपऱ्यातून कुणीतरी म्हणालं, "चांगली वाजतात की. आदी नाचत व्हती!" आणि टपरी अशी हसली की भिवाजीच्या हातातून चहा सांडला. नामाही हसला. काय करणार होता?

कमळाकर रस्त्याने जायला लागला की पोरं तोंडाने भोंगा करत. तीन तुटक. तो सायकलवर असेल तर मागून धावत येऊन करत. इकडे कर्जतेत त्याच भोंग्यावर पोरं गणपतीत नाचायचा बेत करत होती. कॅसेटीची मागणी वाढत होती. मी त्याला स्पष्ट सांगितलं, "तो तुकडा कापून टाक. ब्लेड तुझ्याकडे आहे." तो म्हणाला, "तो काडला तर गान्यात ऱ्हातंय काय?" म्हणजे म्हातारीचा खुबा मोडल्यावरही तो गाण्याचाच हिशेब करत होता.

एप्रिलात जयंतीची मिरवणूक आली. साजगावची गाडी दर वर्षी ललकारचीच. कुणी त्याला नको म्हणालं नाही. लोक असं काही तोंडावर म्हणत नाहीत, आधीच सांगितलं. पांडू आला नाही. ढोल खोपोलीचा कुणी भाड्याचा. कमळाकरने ठरवून सगळी जुनी गाणी घेतली. कात्री नाही, कॅसिओ नाही, भोंगा नाही. बेंजो त्याने त्या दिवशी जसा वाजवला तसा आयुष्यात वाजवला नव्हता, हे भिवाजीनेही कबूल केलं.

पहिला सूर सुटला आणि गाडीसमोरचे लोक खाली बसले.

बाया बसल्या. पुरुष बसले. रस्त्याच्या कडेला नुसते बघायला आलेले शेतकरी, त्यांच्यात भिवाजी, तेही बसले. ठकी माहेरी आली होती, ती बसली. नुसत्या बसल्या नाहीत. बायांनी गाडीकडे पाठ केली. कमळाकरने गाणं बदललं. कुणी उठलं नाही. आणखी एक बदललं. भाड्याचा ढोलवाला बिचारा इकडे तिकडे बघत हात मारत होता. शेवटी बसलेल्यांतून कुणीतरी तोंडाने तीन भोंगे केले, आणि सगळा रस्ता हसला. त्या हसण्यात कमळाकरने बेंजोची तार सैल केली. पुढून लोक उठले, धुतल्या कपड्यांची धूळ झटकली, आणि मिरवणूक गाडीला वळसा घालून पुढे गेली, बिनवाद्याची, घोषणा देत. तोवर साजगावची मिरवणूक कधी वाद्याशिवाय गेली नव्हती.

त्यानंतर तो येसूबाईकडे गेला. पांडू कामावर असण्याची वेळ साधून गेला. ती दाराच्या उजेडात बाजेवर पडून होती, तोंड भिंतीकडे. अंगाला फोड आले होते, बाजेखाली भांडं होतं. कमळाकर तिच्या पायाशी बसला. माफी मागायला आला असेल असं कुणालाही वाटेल. त्याने थोडी मागितलीही. मग राहवेना.

"काकी, येक इचारू? भोंग्याच्या आदीचं... कसं वाटलं व्हतं गं?"

मग मान वळवून तिने त्याच्याकडे पाहिलं. आवाजात राग नव्हता.

"टेप आनलाय का?"

त्याने पिशवीतून टेप काढला. हो, बरोबर घेऊन गेला होता.

"लाव मग," येसूबाई म्हणाली. "भोंगा बी लाव. जोरात लाव. आता मी कुटं धावनार हाय?"

त्याला बटण दाबता आलं नाही. ती वाट बघत राहिली. "लाव की रं. घाबरतोस काय? आता कंदी बी वाजव. माजा पांडू आत मेला तरी मी हितंच." मग तिने पुन्हा भिंतीकडे तोंड केलं. कमळाकर टेप मांडीवर घेऊन तसाच बसून राहिला, आणि पाळी सुटल्याचा लांब भोंगा झाला तेव्हा पांडू यायच्या आत मागच्या दाराने निघाला.

इथपर्यंत कमळाकर नावाचा कुणी एक होता. पुढचं तुझं नि माझं.

तू दुसऱ्या दिवशी भिसेगावात माझ्याकडे आलास. टेपचं नाव काढलं नाहीस, गाण्याचं काढलं नाहीस, आणि त्या सबंध प्रकरणात तू शहाण्यासारखं बोललास ते एवढंच. म्हणालास, "बाई, दवाखान्यात म्हातारी मान्सं पुढं ढकलत चालतात ती चार पायांची लोखंडी काठी, मुंबईत मिळते ना? काकीला आनायचीय. चुलीपर्यंत गेली तरी पुरे." मी म्हटलं, मिळते, मी दादरला बहिणीकडे जातेच आहे, घेऊन येईन. पण त्या काठ्या लहानमोठ्या असतात. उंची चुकली तर म्हातारी तोंडावर पडेल. माप आण. तिला धरून उभी करायची आणि जमिनीपासून मनगटापर्यंत सुतळी धरायची. तू सुतळी माझ्याकडूनच घेऊन गेलास.

येसूबाईच्या दारात पांडू होता. तो म्हणाला, "काय पायजे?"

"काकीचं माप घ्यायचंय."

"कसलं?" पांडू म्हणाला. "तिरडीचं?"

हे तू मला सांगितलं नाहीस. पांडूनेच पुढे टपरीवर सांगितलं, आणि तिथे लोक हसले. तू उंबऱ्यावरून मागे फिरलास. त्या महिन्यात मी दादरला गेले, त्याच्या पुढच्यातही गेले. दोन्ही वेळा निघायच्या आदल्या दिवशी तुझी वाट पाहिली. तोवर तू वापीची गाडी धरली होतीस. अंदाजाने काठी आणायची माझी रीत नाही. श्रावणात येसूबाई गेली. माप आलं नव्हतं; काठी आणली नव्हती.